लघुउद्योगांचे हिशेब आणि संगणक : वारणेच्या अनुभवातून

कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर हे सहकाराच्या क्षेत्रातील एक मान्यवर नाव आहे. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या तेथील साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ साली एक अभिनव प्रयोग हाती घेण्यात आला. केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा समूह यांच्या सहकार्याने आखलेल्या या प्रकल्पात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाच्या जाळ्यात आणावयाची होती. गावातील केंद्रावर शेतीविषयक सल्ला, बाजारभाव, शासकीय योजना अशी नानाविध माहिती मिळावी, अशी त्यामागील कल्पना होती.

प्रत्यक्षात मात्र ऊस-उत्पादकांनी या केंद्रांचा उपयोग मुख्यत्वे उसाच्या व्यवहारासाठीच केला. आपल्या उसाचे वजन किती भरले, खताची उचल किती झाली, यांसारखे मोजके प्रश्न घेऊन तो केंद्रावर येत असे. एवढ्यासाठी गावोगावी संगणक ठेवणे, त्यांची दुरुस्ती करणे आणि ते मध्यवर्ती कार्यालयाशी जोडलेले राखणे हे खर्चाचे काम होते. २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन विभागाने कारखान्याच्या साहाय्याने सात गावांत आठ महिने एक चाचणी घेतली. गावातील संगणकाचे काम साध्या मोबाइल फोनवरील लघुसंदेशांकडे सोपविण्यात आले. पूर्वीची सर्व कामे या पद्धतीने होऊ शकली, खर्च कमी झाला आणि शेतकऱ्यांना नवी पद्धत अधिक सोयीची वाटली.

या चाचणीकडे केवळ ‘संगणकाऐवजी मोबाइल’ अशा दृष्टीने पाहणे अपुरे ठरेल. गावातील यंत्र बदलले. कारखान्याच्या कार्यालयातील नोंदवही बदलली नाही. ऊस-उत्पादकाची ओळख, त्याच्या उसाची नोंद, खताचा हिशेब हे सारे एका ठिकाणी सुव्यवस्थित होते, म्हणूनच ते चार ओळींच्या संदेशातून शेतकऱ्याच्या हाती पोहोचू शकले. नोंदींतच गोंधळ असता, तर तो गोंधळ तेवढ्याच वेगाने सात गावांत पोहोचला असता. तंत्रज्ञान सोपे करावयाचे म्हणजे आधी नोंद नीट करावयाची आणि मग ती पाहण्याची वाट सोपी करावयाची, हा क्रम येथे स्पष्ट होतो.

वाढू लागलेल्या लघुउद्योगांत नेमका हाच क्रम पुष्कळदा उलटा होतो. तालुक्याच्या गावी मसाले व पापड तयार करणाऱ्या एखाद्या गृहोद्योगाचे उदाहरण घेऊ. प्रारंभी पाच-सहा दुकानदार, एक वही आणि मालकाची स्मरणशक्ती एवढ्यावर व्यवहार चालतो आणि उत्तम चालतो. गिऱ्हाइके साठ झाली की वही अपुरी पडते. मग कोणीतरी सुचविल्यावरून संगणक येतो, हिशेबाची प्रणाली येते, ती चालविण्यासाठी एक मुलगा ठेवला जातो. वहीत मात्र एकच दुकानदार एका पानावर ‘पाटील किराणा’, दुसऱ्या पानावर ‘अण्णा पाटील’ आणि तिसऱ्या पानावर ‘एस.टी. स्टँडचे पाटील’ अशा तीन नावांनी वावरत असतो. संगणकाला ती तीन माणसे वाटतात. वर्षअखेरीस उधारी जुळत नाही, आणि दोष यंत्राच्या माथी मारला जातो.

यासाठी पहिले काम संगणकाचे नसून कागदाचे आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक नाव व एक क्रमांक, तसेच प्रत्येक मालाला एक नाव व एक माप, अशी यादी तयार केली की निम्मे काम होते. अर्धा किलोचे पाकीट आणि पाचशे ग्रॅमचे पाकीट अशा दोन नोंदी एकाच वस्तूच्या असता कामा नयेत. जुन्या पेढ्यांतील मुनीमजी रोजकीर्दीवरून खतावणी करीत. रोजच्या व्यवहाराची नोंद एकदा व्हावयाची आणि तीच पुढे खातेवार जावयाची. संगणकावरील हिशेबाची प्रणाली याहून वेगळे काही करीत नाही. तयार केलेल्या एकाच बिलावरून ती गिऱ्हाइकाच्या खाती येणे टाकते, साठ्यातून माल वजा करते आणि कराचा आकडा बाजूला काढते. रोजकीर्द ज्याला समजते, त्याला संगणकाचे भय वाटण्याचे कारण नाही. ज्याला ती समजत नाही, त्याला महागडी प्रणालीही तारू शकत नाही.

एकदाच नोंद करण्याचा लाभ किती, हे २२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे दर बदलले तेव्हा दिसण्यासारखे होते. ज्या व्यवसायात मालाची यादी व कराचा दर एका ठिकाणी नोंदलेला असतो, तेथे तो दर एकदाच बदलावा लागतो. प्रत्येक बिल नव्याने टंकलिखित करणाऱ्याला मात्र प्रत्येक बिलात चूक करण्याची संधी मिळते.

हिशेबातील पहिले स्थान उधारीला द्यावयास हवे. लहान व्यवसाय पुष्कळदा मालाला मागणी नसल्यामुळे नव्हे, तर विकलेल्या मालाचे पैसे वेळेवर न आल्यामुळे अडचणीत येतात. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म व लघु उत्पादकांच्या मालाचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक आहे. ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. कायदा इतका स्पष्ट आहे. परंतु माल केव्हा पोहोचला, कोणी स्वीकारला आणि बिल कोणत्या तारखेचे, हे दाखविता आले तरच त्याचा आधार घेता येतो. ‘दिवाळीच्या सुमारास दिला होता’ हे उत्तर तेथे उपयोगी पडत नाही. ज्या व्यवसायाला संगणकावर एकच काम करता येण्यासारखे असेल, त्याने तारीखवार बिले आणि येणे रक्कम यांची नोंद करावी. साठा, मजुरी व अन्य बाबी मागाहून आल्या तरी चालतात.

मराठीतून काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. जुन्या प्रकारच्या टंकात लिहिलेली बिले व याद्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. युनिकोड पद्धतीत लिहिलेला मजकूर संगणकावर व मोबाइलवर सारखाच वाचता येतो आणि शोधताही येतो. प्रणाली घेताना ती युनिकोड मराठी स्वीकारते की नाही, आणि आपली सर्व माहिती तीतून बाहेर काढून दुसरीकडे नेता येते की नाही, हे दोन प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेल्यास खरेदी लांबणीवर टाकणे श्रेयस्कर.

माहितीची प्रत वेगळी ठेवण्याबाबत मात्र लहान-मोठे सारेच उदासीन असतात. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ नावाच्या घातक प्रणालीने मर्स्क या जगड्व्याळ जहाज कंपनीचे संगणक निकामी केले. मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्याच समूहाने चालविलेल्या टर्मिनलचे कामही त्यामुळे विस्कळीत झाले. कंपनीचे जाळे पुन्हा उभे करण्यासाठी लागणारी मूळ माहिती जगभरातील कार्यालयांतून नष्ट झाली होती. ती वाचली फक्त आफ्रिकेतील घाना येथे, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती आणि तो संगणक जाळ्याबाहेर होता. वीज गेल्यामुळे कोणाचे कल्याण झाल्याचे असे उदाहरण विरळाच! गृहोद्योगाला त्यासाठी भारनियमनावर विसंबण्याची गरज नाही. आठवड्यातून एकदा सर्व हिशेबाची प्रत वेगळ्या साधनावर घेऊन ते साधन संगणकापासून काढून ठेवावे, एवढे पुरेसे आहे. त्या प्रतीवरून हिशेब खरोखर उघडतो का, हेही अधूनमधून पाहावे.

२०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीमुळे पैशांची देवघेव सुलभ झाली आहे. तथापि पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त क्रमांक कधीही द्यावा लागत नाही, ही गोष्ट दुकानातील प्रत्येक नोकराला ठाऊक असली पाहिजे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. वेळ जितका कमी गेला असेल, तितकी रक्कम अडविण्याची शक्यता अधिक.

गावपातळीवर या कामी शाळा आणि ग्रामपंचायत यांचे साहाय्य मोलाचे ठरू शकते. शाळेत संगणकाचा तास बहुधा चित्रे काढण्यात जातो. त्याऐवजी गावातील दुकानाच्या रोजमेळीसारखा एका महिन्याचा काल्पनिक जमाखर्च विद्यार्थ्यांकडून तक्त्यात मांडून घेतला, तर गणित व व्यवहार यांची एकत्र ओळख होते. ग्रामपंचायत सदस्यांनी ‘उद्यम’ नोंदणीबाबतची माहिती सूचनाफलकावर लावावी. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी आधार व पॅन क्रमांकांच्या आधारे होते. कायद्याने आवश्यक असेल तेथे वस्तू व सेवा कराचा क्रमांकही द्यावा लागतो. कागदपत्रे जोडावी लागत नाहीत आणि शासकीय संकेतस्थळावर तिला कोणतेही शुल्क नाही. विलंबित देयकाबाबतच्या वर उल्लेखिलेल्या तरतुदींचा आधार घेण्यासाठी ही नोंदणी माल पुरविण्यापूर्वी झालेली असणे इष्ट आहे.