मोटारसायकलच्या प्रवासात कोणती लेन्स न्यायची? (इयत्ता ५ वी : वजन, कोन, गुणोत्तर, परिसर अभ्यास)



आजचा पाठ वाचून तुम्ही म्हणाल, बाईंनी हे कुठलं काढलं! पण घटक सगळे आपलेच आहेत. साधन म्हणून मी माझा कॅमेरा वर्गात नेला आणि मुलांपुढे एकच प्रश्न ठेवला. सप्टेंबरमध्ये मी आणि माझे मिस्टर मोटारसायकलवरून कास पठार आणि पुढे बामणोलीला जाणार आहोत. कॅमेऱ्याच्या लेन्स चार आहेत, गाडीवर पिशवी एकच बसते. कोणत्या न्यायच्या आणि कोणत्या घरी ठेवायच्या, ते तुम्ही ठरवा.

हा प्रश्न पुस्तकातल्यासारखा खोटाखोटा नव्हता. आमची शाळा माण तालुक्यात, पर्जन्यछायेच्या प्रदेशात. कास आमच्याच जिल्ह्यात आहे. पुसेगाव, कोरेगाव करत साताऱ्याला जायचं आणि तिथून पुढे साधारण २५ किलोमीटर. तरी माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने ते पाहिलेलं नाही. म्हणजे मी जे फोटो आणणार, तेच यांचं कास. पिशवीत जी लेन्स नसेल, तिच्यातून दिसणारी गोष्ट यांना यंदा दिसणार नाही. हे मी त्यांना सरळ सांगितलं. मग वर्ग एकदम गंभीर झाला.

आधी लेन्सवरचे आकडे समजायला हवेत. माझ्या लेन्सवर १८-५५, ५५-२५०, १०-१८ आणि ५० असे आकडे आहेत, सगळे मिलिमीटरमध्ये. याला नाभीय अंतर म्हणतात. हा शब्द पाचवीला जड आहे, पण कृती अगदी सोपी आहे. एक साधं भिंग घ्या. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावा आणि भिंग कागदापासून मागेपुढे करा. एका ठिकाणी खिडकीबाहेरचं लांबचं झाड कागदावर उलटं आणि स्पष्ट उमटतं. तिथे थांबून भिंग ते कागद पट्टीने मोजा. आमच्या भिंगाचं २० सेंमी आलं, म्हणजे २०० मिमी. (भिंगातून सूर्याकडे कोणी पाहणार नाही, हे आधीच बजावा.) झाड उलटं का, यावर अर्धा तास गेला. तो जाऊ द्यावा असं माझं मत आहे.

मग जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या नळ्या केल्या. आखूड नळीतून आख्खा फळा दिसतो, लांब नळीतून फळ्यावरचा एकच शब्द. नाभीय अंतर कमी तर दृश्य रुंद, जास्त तर अरुंद, हे मुलांनीच सांगितलं. त्यानंतर मैदानावर फक्कीने कोन आखले. माझ्या कॅमेऱ्यावर १० मिमीला साधारण १०७ अंशांचा कोन मिळतो, १८ ला ७४, ५५ ला २८ आणि २५० ला जेमतेम ६ अंश. हे कोन फोटोच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे आहेत. १०७ अंशांच्या कोनात सगळा वर्ग आरामात उभा राहिला. ६ अंशांच्या कोनात दहा पावलांवर दोनच मुलं मावली, तीही खेटून.

मोजमापाला आणखी एक साधं सूत्र आहे. माझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदी सुमारे २२ मिमी आहे. समोर किती रुंदीचं दृश्य मावेल? अंतर गुणिले २२ भागिले नाभीय अंतर. ३ मीटरवर १० मिमीने ६.६ मीटर मावतात. २५ मीटरवर २५० मिमीने २.२ मीटर. मुलांनी वहीत पाच-सहा उदाहरणं केली आणि आकड्यांची भीती गेली.

आता वजन. किराणा दुकानातून अर्ध्या तासासाठी इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला. कॅमेरा ४७५ ग्रॅम, १८-५५ ची २००, ५५-२५० ची ३९०, १०-१८ ची २४० आणि ५० ची १६० ग्रॅम. बेरीज १ किलो ४६५ ग्रॅम. मला वाटलं होतं, आता मुलं म्हणतील, जड आहे, दोन कमी करा. पण मागच्याच महिन्यात आम्ही दप्तराचं वजन केलं होतं. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नको. २५ किलोच्या मुलाला अडीच किलो. एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, हे तर दप्तरापेक्षा हलकं हाय. चारीबी न्या की!"

उत्तर बरोबर होतं. वजन हे खरं कारणच नव्हतं. इथून पाठाला रंग आला.

मोटारसायकल आणि एसटी यांत फरक काय, असं विचारलं. मुलांना मोटारसायकल आपल्यापेक्षा चांगली माहीत असते. पाऊस लागतो, धूळ लागते, धक्के बसतात, थांबायला जागा बघावी लागते. मग आम्ही लेन्स बदलण्याची नक्कल केली. दोन मुलं पुढेमागे बाकावर बसली. गाडी कडेला घे, स्टँड लाव, हेल्मेट काढ, रेनकोटच्या बाह्या वर कर, पिशवी उघड, प्लास्टिक सोड, जुनी लेन्स काढ, तिचं झाकण लाव, नवी बसव, परत सगळं उलट क्रमाने. घड्याळ लावलं. चार मिनिटं गेली. तोपर्यंत बगळा बसून राहील का?

शिवाय लेन्स काढली की कॅमेऱ्याचं तोंड उघडं पडतं. त्यात भुरभुर पाऊस किंवा समोरून गेलेल्या ट्रकची धूळ गेली तर सेन्सरवर डाग बसतात आणि पुढच्या प्रत्येक फोटोत ते दिसतात. म्हणून प्रश्न 'किती लेन्स झेपतील' असा नाहीच. 'किती वेळा पिशवी उघडावी लागेल' असा आहे. फळ्यावर मी तेवढंच वाक्य लिहून ठेवलं.

हादऱ्यांचंही सांगते, कारण पालकांना ते उपयोगी पडेल. लेन्सच्या आत बारीक स्क्रू असतात, आणि फोटो हलू नये म्हणून ज्या लेन्समध्ये सोय असते तिच्यात काचेचा एक भाग सैल, हलता असतो. मोटारसायकलच्या इंजिनाची सततची थरथर त्याला चांगली नाही. मोबाइललासुद्धा नाही. २०२१ मध्ये ॲपल कंपनीने स्वतःच सूचना काढली होती की मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलच्या हँडलला आयफोन लावल्यास त्याच्या कॅमेऱ्यावर परिणाम होऊ शकतो. म्हणून लेन्सची पिशवी मागच्या कॅरियरला किंवा डिकीत बांधायची नाही. आम्ही ती दोघांच्या मध्ये, माझ्या मांडीवर ठेवतो. माणसाचं अंग हे सगळ्यात चांगलं स्प्रिंग. चालवणाऱ्याने पाठीवर घेऊ नये. पडझड झाली तर कणा आणि रस्ता यांच्या मध्ये कडक वस्तू नको. प्रत्येक लेन्स लोकरी मोज्यात, मग प्लास्टिकच्या पिशवीत आणि सोबत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. घरी आल्यावर मात्र सगळं उघडून कोरडं करायचं, नाहीतर पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते.

आता निवड. वर्गाचे चार गट केले, प्रत्येक गटाने एका लेन्सची बाजू मांडायची.

१०-१८ चा गट सुरुवातीला जोरात होता. पठार मोठं, म्हणून रुंद लेन्स हवी! मी विचारलं, तीन मीटरवरचं १ सेंमीचं फूल आपल्या वर्गाच्या टीव्हीवर केवढं दिसेल? टीव्हीची रुंदी साधारण १ मीटर. मुलांनी गणित केलं. ६.६ मीटरचं दृश्य १ मीटरच्या पडद्यावर, म्हणजे फूल दीड मिलिमीटर. मुंगीएवढं! फुलांचा गालिचा म्हणून फोटो छान येतो, पण फूल दिसत नाही. आता १८-५५ च्या गटाची पाळी. ही कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी लेन्स, लोक तिला नावं ठेवतात. पण ती २५ सेंमीपर्यंत जवळ जाते आणि ५५ ला साधारण साडेसहा सेंमी रुंदीचाच तुकडा टिपते. तेच फूल टीव्हीवर १५ सेंमी. गट उड्या मारायला लागला.

५५-२५० बद्दल मुलांचं मत ठरलेलं होतं, ती पक्ष्यांसाठी. इथे मला कासची माहिती द्यावी लागली. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, त्यात कास आहे. जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर, म्हणून मोठी झाडं नाहीत, आणि पावसाळ्यात त्या थरावर इवलीइवली रोपं उगवतात. हंगामात नोंदणी करून जावं लागतं आणि पायवाट सोडायची नाही. एक पाऊल आत टाकलं की पंधरा-वीस रोपं गेली. आता फूल पायवाटेपासून सव्वा मीटर आत असेल तर? ५५-२५० ही लेन्स १.१ मीटरपासून पुढचं स्पष्ट टिपते, आणि २५० ला ७ सेंमीच्या आसपासचाच तुकडा घेते. म्हणजे पाय वाटेवर आणि फूल टीव्हीभर. मागच्या बाकावरून आवाज आला, "मंजे ही लेन्स पायाच्या जागी हाय." मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

राहिली ५० ची. तिच्यात झूम नाही, जवळ फारशी जात नाही. पण एका मुलीने विचारलं, "बाई, तिथली माणसं दाखवणार का? घरात काय शिजवतात ते?" पावसाळ्यातली बामणोलीकडची घरं आतून अंधारी. ५० वर लिहिलेला १.८ हा आकडा इथे कामाला येतो. ५० ला १.८ ने भागलं की प्रकाश आत जायचं भोक सुमारे २८ मिमी व्यासाचं येतं. १८-५५ लेन्स त्याच ठिकाणी ५.६ पर्यंतच उघडते, म्हणजे ९ मिमी. पुठ्ठ्याला ही दोन भोकं पाडून आलेखाच्या कागदावर ठेवली आणि चौकोन मोजले. ६१६ आणि ६४ च्या आसपास आले, जवळपास दहापट. मिणमिणत्या खोलीत फोटो हलणार की स्पष्ट येणार, हे या दहापटीवर ठरतं.

निकाल मतदानाने लागला. कॅमेऱ्याला १८-५५ लावलेली, सोबत ५५-२५० आणि ५०. एकूण १ किलो २२५ ग्रॅम. १०-१८ घरी. मला स्वतःला ती लेन्स फार आवडते, तरी वर्गाचा निर्णय मी पाळला.

प्रवासात पिशवी मोजून दोनदा उघडली. एकदा पठारावर जाण्याआधी चहाच्या टपरीत, एकदा बामणोलीत. मुलांना सर्वांत आवडलं दवबिंदू, म्हणजे पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरणारी वनस्पती. ती पायवाटेच्या अगदी कडेला होती, म्हणून १८-५५ ने घेतली. शेजारी पेन्सिल धरली होती, म्हणजे आकार कळावा. सीतेची आसवं ५५-२५० ने घेतली. हीसुद्धा कीटकभक्षी, पण तिचे सापळे जमिनीखाली ओल्या मातीत असतात. ते माझ्या कुठल्याच लेन्सने दिसत नाहीत, त्यामुळे ते फळ्यावर चित्र काढून दाखवले.

आणि ५० चा एकच फोटो. बामणोलीजवळच्या एका घरात, विचारून, परवानगी घेऊन काढलेला. चूल, तवा आणि तव्यावर नाचणीची भाकरी. टीव्हीवर तो लावला आणि दवबिंदूपेक्षा जास्त वेळ मुलं त्याच्यावर थांबली. "बाई, भाकरी काळी का?" माणदेशात ज्वारी-बाजरी, तिकडे नाचणी. पाऊस कुठे किती, उतारावरच्या जमिनीत काय पिकतं, हा सगळा परिसर अभ्यास त्या एका तव्यावरून झाला. ती मुलगी अर्थातच पहिल्या बाकावर येऊन बसली होती.

ज्या शिक्षकांकडे असा कॅमेरा नाही त्यांनी मोबाइलवर हाच पाठ घ्यावा. हल्लीच्या बऱ्याच मोबाइलला दोन-तीन भिंगं असतात. ०.५, १, २ अशी बटणं दाबून मैदानावरचे कोन आखता येतात. काटा, कोनमापक आणि जुनं कॅलेंडर एवढं पुरतं.

वहीतला गृहपाठ असा दिला : तुमच्या शेताच्या बांधावर २० मीटरवर टिटवी बसली आहे. टिटवीची लांबी ३३ सेंमी धरा. २५० मिमीच्या लेन्सने ती फोटोच्या रुंदीचा कितवा भाग व्यापेल? तिला न उडवता पाच मीटर पुढे जाता आलं तर किती फरक पडेल?