आधी पोटाची चौकशी कर

सातारा,
ज्येष्ठ वद्य

चि. बाळ यास,


दादा दवाखान्यातून घरी आले हे ऐकून जीव भांड्यात पडला. फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. एक मोठ्याने: "अमोनिया १४० आला होता, आता किती असायला हवा?" दुसरी आवाज उतरवून: "आत्या, बाबांनी परत घेतली असेल का गं?" वहिनी तुझ्या शेजारी असणार हे कळत होतं, म्हणून तेव्हा विषय बदलला. आता दोन्हींची उत्तरं सविस्तर लिहिते. माझी सगळी नोकरी रुग्णालयाच्या वॉर्डात गेली, त्यामुळे भाषा थोडी दवाखान्याची होईल, ती सांभाळून घे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. तू पाठवलेले डिस्चार्जचे कागद मी नीट वाचले. दादांना तीन दिवस शौचाला झालं नव्हतं, आणि झोप येत नाही म्हणून कुणीतरी सुचवलेली झोपेची गोळी त्यांनी घेतली होती. लिव्हर सिरोसिसच्या माणसाचा मेंदू गोंधळायला एवढं पुरतं. दारूचा थेंबही लागत नाही.

तरी तुझ्या मनात ते आलं, यात नवल नाही. आपण येरवड्याची माणसं. कुणी भलतंसलतं वागायला लागलं की सगळा महाराष्ट्र "याला येरवड्याला पाठवा" म्हणतो, आणि आपण तर तिथेच लहानाचे मोठे झालो. एकीकडे मध्यवर्ती कारागृह, एकीकडे मनोरुग्णालय, आळंदी रस्त्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र. वेडंवाकडं वागणाऱ्याला यांतल्या कुठल्या फाटकातून आत न्यायचं, हे आपली गल्ली चहाचा कप संपायच्या आत ठरवून टाकते. दादा त्या रात्री दिवाणावर बसून वहिनींना "गाडी कधी सुटणार?" विचारत होते आणि शर्टाची बटणं उलटी लावत होते, तेव्हा निम्म्या गल्लीने "माळ घातली तरी सुटली नाही" म्हटलं आणि उरलेल्या निम्म्या गल्लीने "डोक्यावर परिणाम झाला" म्हटलं. पोट साफ झालं का, हे कुणी विचारलं नाही.

मुक्तांगणाचं मोल मला ठाऊक आहे. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी, पु. ल. देशपांड्यांच्या पाठबळावर, मनोरुग्णालयाच्याच आवारात ते सुरू केलं. दादा तिथून बाहेर पडले आणि पुन्हा बाटलीकडे वळले नाहीत. ही त्यांची आयुष्यातली सर्वांत मोठी कमाई. पण दारू सुटली तरी यकृतावर पडलेले वण पूर्ण जात नाहीत. सोडल्यामुळे आयुष्य वाढतं, यकृताला उसंत मिळते, पण जुनं नुकसान काही प्रमाणात राहतंच. आज दिसतंय ते त्या जुन्या नुकसानीचं देणं आहे. त्याला नवा गुन्हा समजू नकोस.

हे एवढं ठासून सांगते, कारण चुकीचं नाव नुसतं जिव्हारी लागत नाही, जिवावरही बेतू शकतं. रोज पिणाऱ्याने अचानक दारू थांबवली की पहिल्या दोनचार दिवसांत त्यालाही भ्रम होतो, हात थरथरतात. तिथे शांत करणारी औषधं देतात आणि ती योग्यच असतात. लिव्हरच्या गोंधळात तीच औषधं माणसाला आणखी खोल गुंगीत लोटतात. म्हणून कुठल्याही दवाखान्यात पाऊल ठेवताना पहिलं वाक्य हे बोलायचं: "यांना सिरोसिस आहे, याआधी अमोनियाने भ्रम झाला होता, दारू कित्येक वर्षं बंद आहे." वडील नीट बोलू शकत नसतील तेव्हा त्यांच्या वतीने बोलायला तूच आहेस.

आता हे घडतं कसं, ते सांगते. आपण खातो त्या प्रथिनांतून आणि आतड्यातल्या जंतूंच्या उद्योगातून अमोनिया तयार होतो. आतड्याकडून आलेलं रक्त आधी यकृतात जातं, तिथे या अमोनियाचा युरिया होतो आणि तो लघवीवाटे निघून जातो. सिरोसिसमध्ये यकृत राठ होतं, रक्ताला आतून वाट मिळत नाही, मग ते आडवाटांनी यकृताला वळसा घालून थेट वर जातं आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. रशियात १८७७ साली 'एक' (Eck) नावाच्या शल्यचिकित्सकाने कुत्र्यांमध्ये आतड्याचं रक्त यकृताला टाळून वळवून दाखवलं. पुढे १८९३ मध्ये पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की अशी कुत्री मांस खाल्लं की भ्रमिष्ट होतात, झोकांड्या खातात, बेशुद्ध पडतात. याच धाग्यावरून पुढे कित्येक वर्षं डॉक्टर अशा रुग्णांचं प्रथिन तोडत राहिले. ती चूक पुढे सुधारली, पण ती सुधारणा आपल्या शेजारपाजारी अजून पोहोचलेली नाही. तिच्याकडे पुढे येते.

आकड्याबद्दल. १४० वरून किती खाली आला, हे विचारत बसू नकोस. अमोनियाचं रक्त दंड आवळून, मूठ वळवून घेतलं, बर्फात ठेवलं नाही किंवा तपासायला उशीर झाला, तर आकडा खोटा वाढतो. शिवाय जास्त आकड्याचा माणूस शुद्धीवर असतो आणि कमी आकड्याचा गुंगीत, असंही दिसतं. गोंधळलेल्या माणसाचा आकडा अगदी सामान्य आला, तर त्याचा उपयोग आहे: डॉक्टर दुसरं कारण शोधतात. घरी दर आठवड्याला लॅबमध्ये पैसे घालण्यापेक्षा माणसाकडे बघ.

कसं बघायचं? एक वही कर. रोज सकाळी चार गोष्टी: काल शौचाला किती वेळा झालं, रात्री झोप किती आणि दिवसा किती, वजन किती, आणि दादांच्या हातची एक ओळ. ओळ "राम कृष्ण हरी" असली तरी चालेल, ते आनंदाने लिहितील. वॉर्डात आम्ही रुग्णाला चांदणी काढायला लावायचो. देवनागरीची शिरोरेषा त्याहून बोलकी. ती तुटायला लागली, अक्षरं ओळ सोडून उतरायला लागली, की दोन दिवसांनी येणारं संकट आजच दिसतं. कधी खेळीमेळीत एका मिनिटात प्राण्यांची नावं म्हणायला लाव. एरवी वीस सांगणारा माणूस आठावर अडला, की सावध हो. हात पुढे ताणून, तळवे वर दुमडून धरायला सांग. पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडले, तर डॉक्टरांना फोन. दिवसा झोप आणि रात्री जाग ही तर बहुतेकदा पहिली खूण. आणि लक्षात ठेव, त्या वेळी झोपेची गोळी हे उत्तर नव्हे.

वहीत काही बिघडलं दिसलं की कारण शोधायचं. बद्धकोष्ठता झाली का? उलटी, जुलाब, पाणी कमी पिणं? लघवीच्या गोळ्यांनी पाणी आणि पोटॅशियम फार गेलं का? ताप, खोकला, पोटात दुखणं? शौच काळं डांबरासारखं आहे का? ते आतल्या रक्तस्रावाचं लक्षण. नवीन गोळी कुठली घेतली? शंभरातल्या बहुतेक वेळा यांतलंच काहीतरी सापडतं, आणि ते दुरुस्त केलं की माणूस भानावर येतो. या आजारातली ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे.

आता लॅक्टुलोज. गोड पातळ औषध, दादांना आवडत नाही हे मला माहीत आहे. ते आतड्यात आम्लता वाढवतं, अमोनियाला रक्तात शिरू देत नाही आणि शौचावाटे बाहेर काढतं. मात्रा बाटलीवर शोधू नकोस, ती शौचावर ठरते: दिवसात दोन ते तीन वेळा मऊ शौच. एकदाच झालं तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वाढव, पाच-सहा वेळा पातळ झालं तर कमी कर. जास्त जुलाबांनी पाणी आटलं की तोच गोंधळ परत येतो. पोट फुगतं ही तक्रार खरी आहे. पाण्यात किंवा ताकात घालून दे. ही बाटली सणासुदीला, प्रवासाला, "आता बरे आहेत" म्हणून बंद पडते आणि मग पुन्हा दवाखाना. सोबत लिहून दिलेली रिफाक्सिमिनची गोळी आतड्यातल्या जंतूंना आवर घालते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या २९९ रुग्णांच्या अभ्यासात, सहा महिन्यांत पुन्हा भ्रम होण्याचं प्रमाण ती घेणाऱ्यांत २२ टक्के होतं, न घेणाऱ्यांत ४६. त्यांतले बहुतेक सगळे लॅक्टुलोजही घेत होते. म्हणजे गोळी महाग वाटली म्हणून एखादा महिना सोडावी, अशी ती नाही. परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं सांग, मला सांग, पण गुपचूप बंद करू नकोस.

जेवणाबाबत घरात भांडण होणार, ते मी आधीच मिटवते. वहिनींना कुणीतरी डाळ, दूध बंद करायला सांगितलंय. बंद करायचं नाही. २००४ मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी दाखवलं की प्रथिन तोडून भ्रम लवकर जात नाही, उलट शरीर झिजतं. अमोनिया निकामी करायचं थोडं काम स्नायूही करतात, ते झिजले की तोटा दुहेरी. वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिन हवं. दादा साठ किलोचे, म्हणजे दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम. माळकऱ्याच्या ताटात ते बसतं: वरण, मुगाची उसळ, पिठलं, दही, ताक, पनीर, शेंगदाणे. डाळी-दुधाचं प्रथिन अशा रुग्णांना मांसापेक्षा सोसतं आणि डाळीतल्या चोथ्याने पोटही साफ राहतं. मीठ मात्र हात राखून. पोटात पाणी होतं ना, मग पापड, लोणचं, फरसाण बंद.

आणि उपास बंद. यंदा पालखी फुलेनगरावरून गेली तेव्हा दादा दवाखान्यात होते, त्याची रुखरुख त्यांना आहे. आता आषाढी आली, पुढे श्रावण. ते हट्ट धरतील. पण सिरोसिसमध्ये एक रात्र उपाशी काढणं म्हणजे धडधाकट माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखं. शरीर आपलाच स्नायू खायला लागतं. रोज थोडं थोडं पाच-सहा वेळा खायला दे, आणि झोपण्यापूर्वी काहीतरी नक्की: दूध-पोळी, लाडू, उपम्याची वाटी. साबुदाण्यावर दिवस काढू देऊ नकोस. माझं नाव सांग. म्हणावं, धाकटी बहीण सांगते, विठोबाला तुमची शुद्ध हवी आहे, उपास नको.

औषधांच्या दुकानातून परस्पर काही आणायचं नाही. अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको, किडनीला धोका. पॅरासिटामॉलही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच. "लिव्हर टॉनिक", काढे, गुळवेल यांना नम्रपणे नकार दे. कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले आहेत. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण यकृताला हेतू कळत नाही.

सध्या दुचाकीची किल्ली तुझ्याकडे. दादा बरे दिसले तरी त्यांची प्रतिक्रिया मंद असू शकते, आणि गुंजन चौकातली रहदारी तुला मी सांगायला नको. पण किल्ली हिसकावून घेऊ नकोस. ते भानावर असताना समोर बसून ठरवा. बँकेच्या सह्या, दागिने, घराचे कागद, आणि पुढे तब्येत जास्त बिघडली तर कुठवर उपचार करायचे, हेही त्यांच्याच तोंडून ऐकून घे. त्यांना मूल समजून वागवलंत तर ते लॅक्टुलोजही लपवतील.

घाईची वेळ ओळखायला शिक. प्रश्नाचं उत्तर देत नाहीत, उठवून उठत नाहीत, रक्ताची उलटी, काळं शौच, ताप, पोटात जोराची कळ: यांतलं काहीही असेल तर १०८ लावायचा आणि अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं. बंडगार्डनचा पूल ओलांडला की ससून आहेच. गुंगीत असताना तोंडात औषध, पाणी, काहीही ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. कुशीवर झोपवायचं. तिथे गेल्यावर साखर, सोडियम, पोटॅशियम तपासलं का, पोटातलं पाणी काढून जंतुसंसर्ग पाहिला का, हे नम्रपणे विचार. अलीकडे पडले असतील, डोक्याला मार लागला असेल, तर तेही सांग. डॉक्टरांना राग येत नाही, माहिती देणारा नातेवाईक त्यांनाही हवा असतो.

वहिनींना एकट्या रात्रीच्या पहाऱ्याला ठेवू नकोस. तुम्ही दोघं पाळी लावा. आणि गल्लीत कुणी काही बोललं तर भांडू नकोस. एवढंच सांग: "लिव्हरमुळे झालं, औषध चालू आहे." दादांच्या कानावर त्यांच्या मुलाने हे चारचौघांत सांगितल्याचं गेलं, तर त्यांना फार बरं वाटेल.

पुढच्या तपासणीला तीन प्रश्न विचार. एक, भ्रम पुन्हा होऊ नये म्हणून ही दोन्ही औषधं किती काळ चालवायची? दोन, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एंडोस्कोपी कधी? तीन, यकृत प्रत्यारोपणासाठी दादांची तपासणी करायची वेळ आली आहे का, आणि पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रात कुठल्या रुग्णालयामार्फत नाव नोंदवायचं? तिसरा प्रश्न ऐकून घाबरू नकोस. नुसती चौकशी केली म्हणजे ऑपरेशन ठरलं असं नाही, पण ती उशिरा केली तर वाटा कमी होतात. उत्तरं लिहून घे आणि मला कळव. वहीच्या पहिल्या आठवड्याचे फोटोही पाठव.

वहिनींना नमस्कार, दादांना साष्टांग.

तुझी,
आत्या