गोफण, जंग्या आणि वीस बाजूंचा फासा

कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलावर खेळायचे रोलप्लेइंग गेम्स आपल्या हॉस्टेलला आता नवीन नाहीत. त्यातला पहिला म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत छापला गेला. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि एकाने डंजन मास्टर होऊन गोष्ट पुढे न्यायची. तलवारबाजीचे नियम चटकन समजतात, पण भांडणं होतात ती धनुष्यबाणावरून. “मी एवढ्या लांब उभा आहे, मला कोण मारणार?” हे वाक्य प्रत्येक ग्रुपमध्ये ऐकू येतं. म्हणून हा लेख फक्त लांबून मारायच्या नियमांवर. उदाहरणं माझ्या गावची, करमाळ्याची घेतली आहेत, कारण तिथे भुईकोट आहे, कमलाभवानीच्या देवळाजवळ ९६ पायऱ्यांची विहीर आहे आणि शेतात गोफण आहे.

आधी मूळ हिशोब. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपलं कौशल्य मिळवायचं आणि समोरच्याचा आर्मर क्लास गाठायचा. फाशावर ११ किंवा जास्त हवे असतील तर शक्यता ५० टक्के.

आता अंतर. २००३ च्या साडेतीनव्या आवृत्तीत लाँगबोला दर १०० फुटांचा एक टप्पा असतो. पहिला टप्पा फुकट, पुढच्या प्रत्येक टप्प्याला वजा २. म्हणजे १६० फुटांवर आपले ५० टक्के ४० होतात आणि ३५० फुटांवर २०. पाचव्या आवृत्तीत (२०१४) हे सगळं काढून टाकलं. १५० फुटांपर्यंत काहीच दंड नाही. तिथून ६०० फुटांपर्यंत ‘डिसअॅडव्हान्टेज’, म्हणजे दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा. पन्नासाचे एकदम पंचवीस! १५० फुटांवर एक आणि १५५ वर दुसरंच. ग्राफ काढला तर चक्क पायरी दिसते. खरा बाण असा वागत नाही, हे मान्य. पण रात्री साडेअकराला पाचजण बेरीज-वजाबाकीवरून भांडत बसण्यापेक्षा मला ही पायरी परवडते.

शिवाय या दोन फाशांत एक गंमत आहे. ज्याला ६ पुरतात त्याचे ७५ टक्के ५६ वर येतात, म्हणजे चौथा भाग गेला. ज्याला १६ लागतात त्याचे २५ टक्के सव्वासहावर येतात, म्हणजे तीन भाग गेले. कच्च्या नेमबाजाने लांबून मारूच नये, असं पुस्तक न सांगता सांगतं.

गोफणीवर मात्र अन्याय झालाय. तिला सरळ मारा ३० फूट आणि जास्तीत जास्त १२० दिलाय. ३० फूट म्हणजे क्रिकेटच्या पिचच्या निम्माही नाही! ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून पाखरं हाकणारी आमच्याकडची पोरं हे ऐकून हसतील. विहिरीचा हिशोब करून बघा. खेळापुरती प्रत्येक पायरी ९ इंच उंच आणि १ फूट रुंद धरा, सगळ्या एका सरळ रांगेत. खोली ७२ फूट, आडवं अंतर ९६ फूट आणि कर्ण बरोबर १२०. म्हणजे पहिल्या पायरीवरून मारलेला गोफणीचा दगड तळाशी कसाबसा पोचतो, तोही डिसअॅडव्हान्टेजने. साडेतीनव्या आवृत्तीत ५० फुटांचे १० टप्पे होते, ते जास्त पटतं.

उंचीचा फायदा किती? नेमाला शून्य. साडेतीनव्या आवृत्तीत उंचावरून तलवार मारणाऱ्याला अधिक १ मिळतो, पण बाण मारणाऱ्याला काहीच नाही. किल्ल्यांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला हे खटकतं. पण बुरुजावर खरी किंमत असते ती आडोशाची. पाचव्या आवृत्तीत अर्धा आडोसा अधिक २ देतो, पाऊण आडोसा अधिक ५, आणि पूर्ण आडोशामागच्याला नेम धरून मारताच येत नाही. तटातली जंगी म्हणजे पाऊण आडोसा. मध्ये आपलाच मित्र उभा असला तरी तो शत्रूला अर्धा आडोसा देतो, हे बरेचजण विसरतात.

आमच्या खेळात हेच आडवं आलं. फर्स्ट इयरच्या एकाचं पात्र, चार महिने सांभाळलेलं, वेशीत एकटं लढत होतं. आमचा धनुर्धारी १७० फुटांवर जंगीमागे. एरवी त्याला १२ लागायचे, मित्र मध्ये म्हणून १४. म्हणजे ३५ टक्के, आणि अंतरामुळे तेही सव्वाबारा. दुसरा मार्ग म्हणजे जंगी सोडून तटावरून ३० फूट पुढे यायचं, जिथे चर्या पडलेल्या होत्या. तिथून अंतर १४०, मित्र रेषेत नाही, शक्यता ४५ टक्के. पण अंगावर आडोसा काहीच नाही. तो पुढे आला. फासा पडला ९. वेशीतलं पात्र गेलं आणि धनुर्धाऱ्यालाही दोन बाण बसले. पण वाद झाला नाही, कारण सगळे आकडे फासा टाकायच्या आधी टेबलावर मांडले होते. माझ्या मते या नियमांना बाणाचं उड्डाण मोजायचंच नाही. लांब राहण्याची किंमत तेवढी लावायची आहे.

जवळ येण्याचीही किंमत आहेच. शत्रू ५ फुटांत असेल तर लांबून मारायच्या हत्याराला पुन्हा डिसअॅडव्हान्टेज. गोफण फिरवायला जागा लागते, तेव्हा हे रास्तच. दगडफेकीचं मोठं यंत्र, मँगोनेल, तर ६० फुटांच्या आतल्याला मारूच शकत नाही. हे कुणाला कृत्रिम वाटत असेल तर १७६१ चं पानिपत आठवा. शुजाउद्दौल्याच्या छावणीतल्या काशिराज पंडिताने लिहून ठेवलंय की मराठ्यांच्या अवजड तोफांचा रोख पटकन बदलता येईना, आणि गोळे समोरच्या फौजेच्या डोक्यावरून जाऊन मैलभर मागे पडू लागले.

राहिला भात्याचा प्रश्न. भात्यात २० बाण मावतात. लढाई संपल्यावर मिनिटभर शोधलं तर वापरलेल्यांपैकी निम्मे परत मिळतात. त्यामुळे बाणांच्या रेघा कागदावर ओढत जा, आणि विहिरीत मारलेले बाण आणायला ९६ पायऱ्या कोण उतरणार, ते डंजन मास्टरने आधीच विचारून ठेवावं.