संचालन प्रणालीचे नूतनीकरण : साध्यासाध्य विचार

प्रस्तावना

वैद्याच्या टेबलावर आणि औषधी निर्मितीशाळेच्या कार्यालयात संगणक येऊन आता बराच काळ लोटला आहे. प्रारंभी तो केवळ देयके काढण्यासाठी आला. पुढे रुग्णाची प्रकृती, पूर्ववृत्त, योजलेले कल्प, अनुपान व पथ्य यांची नोंद त्यात होऊ लागली. निर्मितीशाळांमध्ये कच्च्या द्रव्यांची आवक, बॅच क्रमांक, निर्मिती दिनांक आणि मुदत यांचा तपशीलही त्यातच साठला. तथापि हा सर्व संचय ज्या संचालन प्रणालीच्या, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधारावर उभा आहे, तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

विंडोज १० ही प्रणाली २०१५ साली आली. तिच्या सर्वसाधारण आवृत्त्यांची साहाय्य-मुदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविली. तिच्यानंतरची विंडोज ११ ही प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजी उपलब्ध झाली होती. जुनी प्रणाली ठेवावी, नवी घ्यावी, की संगणकच बदलावा, हा निर्णय वैद्य आणि औषधी निर्माते यांनी कोणत्या निकषांवर घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुदत संपणे म्हणजे काय ?

मुदत संपली म्हणून संगणक त्या दिवशी बंद पडत नाही. देयके निघतात, नोंदी उघडतात, सर्व काही पूर्ववत भासते. यामुळेच अनेकांचा असा समज होतो की, बदलाची घाई विक्रेत्यांना आहे, आपणांस नाही. वस्तुस्थिती अशी की, प्रणालीत नव्याने आढळणाऱ्या दोषांवरील दुरुस्त्या येणे थांबते. दोष मात्र सापडतच राहतात. लक्षणे प्रकट होण्यापूर्वीच दोषांचा संचय सुरू होतो, हे आम्ही वैद्यांना सांगावयास नको.

याचे सर्वज्ञात उदाहरण मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ या संगणकीय आक्रमणाचे होय. त्याने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांमधील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ ट्रस्टांपैकी सुमारे ८० ट्रस्टांच्या कामावर परिणाम झाला आणि रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्याचा अंदाज तेथे नंतर मांडण्यात आला. ज्या दोषाचा लाभ या आक्रमणाने घेतला, त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्ये दिली होती. बाधित संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज ७ चे होते आणि त्या प्रणालीची मुदत तेव्हा संपलेली नव्हती. यावरून दोन बोध घ्यावेत. दुरुस्ती येत असूनही न बसविल्यास हानी होते; आणि जिथे दुरुस्ती येणेच थांबले, तिथे दक्ष माणसासही बसविण्यासारखे काही उरत नाही. विषाणूरोधक सॉफ्टवेअर उपयुक्त खरे, परंतु ते मूळ प्रणालीतील छिद्र बुजवीत नाही.

कायद्याचा भागही आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याने माहिती बाळगणाऱ्यावर ती सुरक्षित राखण्यासाठी वाजवी उपाय योजण्याचे दायित्व ठेवले आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याची योजना त्यांत आहे. रुग्णाने विश्वासाने सांगितलेले वृत्त हे या माहितीतच मोडते.

संगणकाची परीक्षा

निर्णयापूर्वी प्रत्येक संगणकाची स्वतंत्र परीक्षा करावी. एका चिकित्सालयातील दोन संगणकांचे उत्तर भिन्न असू शकते.

विंडोज ११ साठी ६४-बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची क्षमता आणि टीपीएम २.० हा सुरक्षा घटक आवश्यक आहे. प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीत असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. ‘पीसी हेल्थ चेक’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर ही तपासणी करून देते. मात्र त्याने ‘अपात्र’ म्हटले म्हणून लगेच संगणक मोडीत काढू नये. अनेक यंत्रांत टीपीएम असते, परंतु बायॉसमध्ये बंद ठेवलेले असते. तंत्रज्ञाकडून ते सुरू करून घेतल्यास तेच यंत्र पात्र ठरू शकते.

दुसरी परीक्षा सॉफ्टवेअरची. काही औषधालयांत साठा व देयकांचे काम अद्याप जुन्या डॉस पद्धतीच्या सॉफ्टवेअरवर चालते. ही १६-बिट सॉफ्टवेअर ३२-बिट विंडोज १० वर चालू शकत. विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपात असल्याने त्यावर ती थेट चालत नाहीत. तसेच जुन्या पॅरलल पोर्टचा डॉटमॅट्रिक्स प्रिंटर जोडण्याची जागा नव्या यंत्रांत बहुधा नसते.

तिसरी परीक्षा लिपीची. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपल्यापैकी अनेकांनी मराठी केसपेपर, पथ्यपत्रके आणि लेबले निरनिराळ्या फॉन्टांत टंकित केली. तो विशिष्ट फॉन्ट नव्या संगणकात नसल्यास मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. माहिती असते, पण वाचता येत नाही. काही मराठी सॉफ्टवेअरना हार्डवेअर लॉकही लागत असे. म्हणून फॉन्टच्या फाइलींचा संग्रह प्रथम करावा आणि महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

साध्यासाध्यत्व

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहाव्या अध्यायात व्याधींचे साध्यासाध्यत्व विवेचिले आहे. तोच क्रम येथे उपयोगी पडतो.

१. सुखसाध्य : यंत्र पात्र आहे आणि सर्व सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालते. येथे विलंबास कारण नाही. पात्र विंडोज १० वरून विंडोज ११ वर जाण्यास वेगळे शुल्क पडत नाही.

२. कृच्छ्रसाध्य : यंत्र पात्र आहे, परंतु सॉफ्टवेअर वा फॉन्ट जुने आहेत. आधी सॉफ्टवेअर पुरविणाऱ्याकडून नव्या आवृत्तीची लेखी खात्री घ्यावी, जुनी माहिती तीत उतरते का हे पाहावे आणि मगच प्रणाली बदलावी.

३. याप्य : यंत्र अपात्र आहे, पण आज नवे घेणे शक्य नाही. याप्य व्याधी चिकित्सा चालू असेतोच आटोक्यात राहतो. वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची योजना नेमकी याच स्वरूपाची आहे. २०२५ साली जाहीर झाल्याप्रमाणे वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत होती. संस्था व व्यवसायांसाठी पहिल्या वर्षी प्रतिसंगणक ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, अशी कमाल तीन वर्षांची सोय ठेवली गेली. तिन्ही वर्षांची बेरीज ४२७ डॉलर होते. उशिरा सामील होणाऱ्यासही मागील वर्षांचे शुल्क द्यावे लागते. एवढ्या रकमेत पात्र असा नवा साधा संगणक येऊ शकतो, हे ध्यानी घेता तीन वर्षे यापन करीत राहणे बहुतेकांस परवडणारे नाही. ज्या यंत्रावर केवळ ब्राउझर व पत्रव्यवहार एवढेच काम आहे, त्यावर उबंटू किंवा सी-डॅकची बॉस यांसारखी लिनक्स प्रणाली बसविता येते. विंडोजसाठी बनलेले देयकांचे सॉफ्टवेअर मात्र तिच्यावर चालेल असे गृहीत धरू नये.

४. प्रत्याख्येय : विंडोज ७ किंवा त्याहून जुन्या प्रणालीचे, अपात्र, आणि तरीही इंटरनेटला जोडलेले यंत्र. विंडोज ७ ची मुदत जानेवारी २०२० मध्येच संपली. अशा यंत्रावर रुग्णांची माहिती ठेवू नये. जुन्या नोंदी पाहण्यापुरते ते हवे असेल, तर इंटरनेट व अन्य संगणकांपासून तोडून ठेवावे आणि त्यात कोणाचाही पेन ड्राइव्ह घालू नये.

अपात्र यंत्रावर तपासणी चुकवून विंडोज ११ बसवून देणारे तंत्रज्ञ आढळतात. अशा यंत्रांना पुढील दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या सुरक्षेसाठी बदल करावयाचा, तिचीच शाश्वती त्यात उरत नाही.

पूर्वकर्म, प्रधानकर्म, पश्चात्कर्म

पूर्वकर्मावाचून शोधन करू नये, तद्वत बॅकअपवाचून नूतनीकरण करू नये. सर्व माहितीच्या दोन प्रती वेगवेगळ्या साधनांवर घ्याव्यात व त्यांपैकी एक अन्य वास्तूत ठेवावी. प्रत घेतली एवढ्यावर समाधान मानू नये. दुसऱ्या संगणकावर ती उघडून चार जुने केसपेपर आणि मागील वर्षातील दोन बॅचच्या नोंदी वाचून पाहाव्यात. उघडून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. सॉफ्टवेअरचे परवाना क्रमांक आणि पासवर्ड कागदावर लिहून ठेवावेत.

काळही पाहावा. मार्चअखेर, जीएसटी विवरणपत्रांच्या अंतिम तारखा, अथवा ताज्या आवळ्यांची आवक होऊन च्यवनप्राशाचे काम चालू असलेले थंडीचे दिवस या कामास योग्य नव्हेत.

प्रधानकर्मात एक सूचना विशेष महत्त्वाची. नव्या यंत्रांत हार्ड डिस्कवरील माहिती आपोआप सांकेतिक स्वरूपात बंद होऊ शकते आणि ती उघडण्याची किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला, त्या खात्यात जमा होते. तंत्रज्ञाने सोयीसाठी स्वतःचे खाते वापरल्यास आपल्या रुग्णांच्या नोंदींची किल्ली त्याच्याकडे राहते. म्हणून खाते चिकित्सालयाच्या किंवा संस्थेच्या नावाचेच असावे आणि ती किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवावी.

पश्चात्कर्मात संसर्जन क्रमासारखा धीर हवा. नूतनीकरणानंतर पूर्वस्थितीस परतण्याची सोय सर्वसाधारणपणे दहा दिवसच असते. त्या अवधीत देयक, लेबल, प्रिंटर, जुन्या नोंदी व विवरणपत्र यांची क्रमाने चाचणी घ्यावी. अनेक संगणक असल्यास प्रथम एकच बदलावा, तो नीट चालल्यावर पुढचे. जुनी सवय एकदम न सोडता अंशाअंशाने सोडावी, हा सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील उपदेश येथेही लागू पडतो.

निष्कर्ष

नवी प्रणाली अधिक सुंदर वा वेगवान आहे काय, हा प्रश्न आमच्या मते गौण आहे. आमवाताचा रुग्ण सहा वर्षांनी परत आला, तर त्यास पूर्वी काय दिले व काय सोसले नाही, हे वैद्यास वाचता आले पाहिजे. एखाद्या बॅचविषयी तक्रार आली, तर तिच्यातील गुग्गुळ कोणत्या आवकेतील होता, हे निर्मात्यास सांगता आले पाहिजे. या दोन गोष्टी ज्या मार्गाने सुरक्षित राहतील, तो मार्ग योग्य. काहींसाठी तो नूतनीकरणाचा असेल, काहींसाठी नव्या यंत्राचा, काहींसाठी थोड्या काळाच्या यापनाचा. निर्णय पुढे ढकलणे हादेखील एक निर्णयच आहे, आणि त्याचा भार अखेरीस रुग्णावर पडतो. यास्तव वाचकांनी आपल्या प्रत्येक संगणकाचा वर्ग वरील चार प्रकारांत निश्चित करावा, तो कागदावर तारखेसह लिहावा आणि बॅकअपपासून प्रारंभ करावा, अशी आमची विनंती आहे.