मोटारीचे ॲव्हरेज आणि मोटारीचा धूर
(इयत्ता सातवी : अंकगणित व सामान्य विज्ञान)

गावात नवी मोटार आली की पहिला प्रश्न होतो, "ॲव्हरेज किती देते?" हा प्रश्न मुलांच्याही तोंडी असतो, म्हणून व्यस्त प्रमाण शिकविताना मजूर आणि दिवस ह्यांच्या ठरावीक उदाहरणांपेक्षा तो अधिक उपयोगी पडतो. मात्र त्यात एक चकवा आहे. शिक्षकांनी तो आधी स्वतः सोडवून पाहावा.

एकाने लिटरला १० किलोमीटर जाणारी जीप देऊन १२.५ किलोमीटर जाणारी घेतली. दुसऱ्याने २० ची मोटार देऊन २५ ची घेतली. बचत कोणाची अधिक? बहुतेक मुले दुसऱ्याचे नाव घेतील, कारण तेथे फरक पाचाचा दिसतो. आता दोघांनाही १०० किलोमीटर न्यावे. जीपचे इंधन १० लिटरांवरून ८ वर येते, मोटारीचे ५ वरून ४ वर. जीपवाल्याची बचत दुप्पट झाली! युरोपातील बहुतेक देशांत १०० किलोमीटरांस किती लिटर लागतात, असेच माप रूढ आहे. फळ्यावर आपणही तेच घ्यावे.

एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम असते. ते जळाल्यावर मात्र सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसे निघाले, हे मुलांनी विचारावयास हवे. न विचारल्यास येथे थांबावे. पेट्रोलमधील कार्बनच्या १२ भागांस हवेतील प्राणवायूचे ३२ भाग मिळून ४४ भाग वायू होतो. कार्बन सुमारे ६३० ग्रॅम धरून त्रैराशिक मांडले की उत्तर जुळते.

डिझेलच्या लिटरास हाच आकडा सुमारे २.७ किलो, सीएनजीच्या किलोस सुमारे पावणेतीन किलो येतो. विजेच्या एका युनिटास आपल्या देशात सरासरी सुमारे ०.७ किलो पडतो, कारण बरीचशी वीज अद्याप कोळशाची आहे.

उदाहरणादाखल पेट्रोलची मोटार लिटरला १६, डिझेलची २०, सीएनजीची किलोस २५, हायब्रिड लिटरला २५ आणि विजेची युनिटास ७ किलोमीटर जाते असे धरू. मग १०० किलोमीटरांस अनुक्रमे १४.४, १३.५, ११, ९.२ आणि १० किलो वायू येतो. हे ॲव्हरेज गृहीत आहेत. मुलांनी गावातील मोटारींचे आकडे आणून बदलावेत.

विजेची मोटार धूर सोडत नाही ही जाहिरात रस्त्यापुरती खरी आहे. तिचा धूर चंद्रपूर वा कोराडी येथील धुराड्यांतून निघतो, आणि तेथेही मुले राहतात. शिवाय बॅटरी बनविताना बराच वायू आधीच खर्ची पडलेला असतो. बहुधा उभीच राहणाऱ्या मोटारीस तो फेडण्यास फार काळ लागतो. परंतु एवढ्यावरून तिला निरुपयोगी ठरविणे चुकीचे होईल. तेल काढणे, शुद्ध करणे, टँकरने आणणे ह्यांचा धूर पेट्रोलच्या आकड्यात आपण धरलेलाच नाही. सूर्य व वारा ह्यांची वीज वाढेल तसा ०.७ हा आकडा उतरेल, पेट्रोलचा २.३ मात्र रसायनशास्त्राने बांधलेला आहे.

एका आकड्याने सर्व निकाल लागत नाही. डिझेलचा वायू येथे पेट्रोलपेक्षा कमी दिसला, तरी जुन्या डिझेल गाड्यांची काजळी आणि नायट्रोजनचे वायू छातीस अपाय करतात. सीएनजीतील न जळता निसटलेला मिथेन वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट उष्णता कोंडतो.

माझ्या मते पाठाचा खरा गाभा पुढेच आहे. एस.टी. बस लिटरला ४ किलोमीटर जाते असे धरल्यास १०० किलोमीटरांस २५ लिटर डिझेल, म्हणजे ६७.५ किलो वायू. आकडा ऐकून मुले बसलाच दोष देतील. मग ४० उतारूंनी भागावयास सांगावे : माणशी १.७ किलो. पेट्रोलच्या मोटारीत एकटा मनुष्य असल्यास १४.४, चौघे असल्यास ३.६. मोटारीची जात बदलून जेवढे साधते, त्याहून अधिक रिकाम्या जागा भरल्याने साधते.

गृहपाठ म्हणून बाजाराच्या दिवशी शाळेच्या आवारातूनच, रस्त्यावर न जाता, एक तासभर जाणाऱ्या मोटारी व त्यांतील माणसे मोजून घ्यावीत. पुढील तासास माणशी वायूचा हिशेब ह्याच नोंदींवरून करवून घ्यावा.