विमानमार्गाचे अंतर व दर्शनाच्या वेळेचा हिशेब

डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथील श्री महालक्ष्मी मातेच्या दर्शनास महाराष्ट्र व गुजरातमधून असंख्य भाविक येतात. डहाणू-तलासरी परिसरात प्रवासी विमानतळ नाही. त्यामुळे दूरचे काही भाविक मुंबईपर्यंत विमानाने येऊन पुढील प्रवास रस्त्याने अथवा रेल्वेने करतात. ‘विमानाला दीडच तास लागतो, तेव्हा त्याच दिवशी दर्शन घेऊन परतता येईल ना?’ अशी विचारणा कार्यालयात वारंवार होते. याचे उत्तर नागपूरच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

नागपूर ते मुंबई हे आकाशमार्गाने सरळ अंतर सुमारे ६८० कि.मी. आहे. रेल्वेने तेच ८३७ कि.मी. भरते, कारण लोहमार्गास घाट, नद्या व गावे पाहून वळसे घ्यावे लागतात. ताशी ८०० कि.मी. वेगाने ६८० कि.मी. अंतर ५१ मिनिटांत संपावे. तथापि वेळापत्रकात सुमारे दीड तास दिलेला असतो. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून मुंबईस जागेवर थांबेपर्यंतचा सर्व वेळ त्यात धरतात. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरताना वेग कमी करणे व प्रसंगी मुंबईच्या आकाशात घिरट्या घालणे हे सर्व त्यात आले.

आता पुढचा टप्पा पाहू. मुंबई विमानतळ ते मंदिर हे सरळ रेषेत सुमारे ९० कि.मी., तर मुंबई-अहमदाबाद महामार्गाने चारोटीवरून सुमारे ११५ कि.मी. आहे. यास अडीच ते तीन तास लागतात. वाहतूक तुंबल्यास अधिक. म्हणजे ६८० कि.मी.पेक्षा हे ११५ कि.मी. अधिक वेळ घेतात!

सकाळी ७ च्या विमानासाठी भाविक पहाटे ५ पूर्वीच घर सोडतो. साडेआठला मुंबई, सामान घेऊन सव्वानऊला बाहेर व दुपारी सव्वाबाराच्या सुमारास मंदिर. रात्री ८ चे परतीचे विमान गाठण्यास दोन तास आधी विमानतळावर पोहोचावयाचे, तर दुपारी ३ वाजता येथून निघावेच लागते. चैत्र पौर्णिमेपासून सुमारे पंधरा दिवस चालणाऱ्या यात्रेत एवढा अवधी रांगेतच जाऊ शकतो. परतीच्या विमानाच्या चिंतेने वयोवृद्ध मातापित्यांना भर उन्हात रांगेतून मागे फिरावे लागणे, याहून क्लेशकारक काय असावे?

म्हणून भाविकांनी पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात :

१. यात्राकाळात एक मुक्काम धरूनच परतीचे तिकीट काढावे.

२. रेल्वेने यावयाचे असल्यास डहाणू रोड स्थानकावर उतरावे. उपनगरी गाड्या एप्रिल २०१३ पासून येथवर येतात. स्थानकापासून मंदिरापर्यंतच्या रस्त्यासाठी वेगळा वेळ राखावा.

३. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आहे. तिकिटावर कोणत्या विमानतळाचे नाव आहे, ते पाहूनच वाहन ठरवावे.

अंतर किलोमीटरमध्ये न मोजता घरापासून गाभाऱ्यापर्यंतच्या तासांत मोजावे, म्हणजे मातेचे दर्शन निवांत घडेल.