आधी गच्ची, मग सोलर

सचिव झालीस, चांगलं झालं. आता कोणीतरी सोलरवाला तुझ्या हातात कोटेशन ठेवेल आणि ते थेट वार्षिक सभेत वाचून दाखवायचा मोह तुला होईल. तसं करू नकोस. लाखांचा आकडा ऐकला की सभा तिथेच संपते, पुढचं कोणी ऐकत नाही.

त्याआधी कॉमन मीटरची बारा महिन्यांची बिलं काढ. लिफ्ट, पंप, जिना, पार्किंग, प्रत्येक विंगचं वेगवेगळं. त्यांचा एक कागद करून लिफ्टशेजारच्या फलकावर लाव, वर उपदेशाची एक ओळही लिहू नकोस. लिफ्टची वाट बघताना माणसं सगळं वाचतात. दोन-चार दिवसांत कोणीतरी तुला गाठून विचारेल, "बी विंगचं बिल ए विंगपेक्षा जास्त कसं काय गं?" त्या माणसाला समितीत घे. पार्किंगचे दिवे दिवसाही जळताहेत, पंप गरज नसताना चालतोय, हे शोधायला असाच माणूस लागतो. एलईडी आणि सेन्सरचा खर्च किरकोळ असतो, तो लवकर वसूल होतो. सोलर त्यानंतर, कारण आधी वापर कमी केला तर पॅनेलही कमी लागतात.

आता पैशाचं. सगळ्यांचा डोळा सिंकिंग फंडावर असतो. बँकेत ठेव पडून आहे, मग वर्गणी कशाला, असं म्हणणारे दोघे-तिघे प्रत्येक सोसायटीत भेटतात. ऐकू नकोस त्यांचं. उपविधींप्रमाणे हा फंड बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का दराने जमतो आणि तो इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी, पुनर्बांधणीसाठी राखलेला असतो. दुरुस्ती निधी मात्र तुझ्या कामाचा आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग त्यातूनच करून घे, आणि पॅनेल बसण्याआधी करून घे. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतात. त्यांच्याखालचा कोबा फुटला, तर सगळा सांगाडा उतरवायचा खर्च कोणाच्याच हिशेबात नसतो. वरच्या मजल्यावरचे काका विरोध करतील, आणि खरं सांगू, त्यांचं बरोबर असतं. गळती त्यांच्याच छताला येते. सांगाड्याचे पाय स्लॅबला भोकं पाडून न बसवता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर घ्यायला सांग, वाऱ्याच्या जोराचा हिशेब इंजिनिअरकडून लेखी घे, आणि तो कागद आधी काकांना दाखव.

एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. टाकीची सावली कुठे पडते ते सकाळी आणि दुपारी स्वतः वर जाऊन बघ. सेल्समन बारा वाजताच येतो. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. म्हणजे वीस किलोवॉटला 3,60,000. पण ते यंत्रणा सुरू झाल्यावर मिळतं, पॅनेल भारतीय बनावटीचेच लागतात, आणि योजना 2026-27 पर्यंतची आहे. म्हणून वर्गणी पूर्ण रकमेची ठरव. अनुदान आलं की परत वाटता येतं, न आलेलं अनुदान मात्र ठेकेदाराला देता येत नाही.

भांडण होतं ते वाटणीवरून. टू बीएचकेवाले म्हणतात चौरस फुटावर घ्या, थ्री बीएचकेवाले म्हणतात फ्लॅटमागे सारखी घ्या. मी खजिनदार असताना एकच नियम धरला: बचत ज्या हिशेबाने वाटली जाते, त्याच हिशेबाने वर्गणी. उपविधींत कॉमन विजेचा खर्च सेवाशुल्कात येतो आणि तो प्रत्येक फ्लॅटला सारखा असतो, तेव्हा सोलरची वर्गणीही सारखी. पाण्याचा आकार नळांवर असतो, म्हणून टँकर वाचवणाऱ्या कामाची वर्गणी नळांवर. हे एकदा फलकावर मांडलं की आवाज बराच खाली येतो. हप्ते बांधताना सीएला एक विचार: सभासदामागे महिन्याची रक्कम 7,500 च्या वर गेली तर जीएसटीचा प्रश्न येतो.

सोलर कंपनीच पैसे घालते आणि आपण फक्त युनिटचे पैसे द्यायचे, असाही करार मिळतो. हातात पैसा नसेल तर वाईट नाही. पण इमारत पुनर्विकासाला निघायची असेल तर लांब मुदतीच्या कागदावर सही करू नकोस.

खतप्रकल्पाचं गणित उलटं आहे. मशीनला देणगीदार मिळतो, नावाची पाटी लागते, फोटो निघतो. रोज तो ओला कचरा ढवळणाऱ्या माणसाच्या पगाराला देणगी देणारा अजून मला भेटलेला नाही. तो पगार मासिक खर्चात धरता येत नसेल तर मशीन घेऊच नकोस. पुण्यात असाल तर सभासदांना हेही सांग, की सोलर, पर्जन्यजल आणि गांडूळखत यांपैकी एक चालू असेल तर महापालिका सामान्य करात पाच टक्के सूट देते, दोन असतील तर दहा. ही सूट थेट घराच्या बिलात दिसते, म्हणून लोकांना पटते.

बिल उतरलं की पहिल्याच वर्षी कोणीतरी मेंटेनन्स कमी करायचा ठराव आणेल. तो पास होऊ देऊ नकोस. फरकाची रक्कम वेगळ्या खात्यात जाऊ दे. इन्व्हर्टर पॅनेलइतका टिकत नाही, तो बदलायला आणि पुढच्या कामाला पैसा त्यातूनच यायचा आहे. खात्याचा ठराव सोलरच्या ठरावासोबत, त्याच सभेत कर. नंतर कोणी हात वर करत नाही. सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी निघावी लागते, तेव्हा दोन्ही मसुदे ऑगस्टमध्येच ऑडिटरच्या नजरेखालून घाल.